तिसऱ्या चाकाचे सूत

मराठीत 'सूत' हा शब्द मोठा मनोहर आहे. चरख्यावर निघते ते सूत. गवंडी भिंतीची रेघ पाहण्यासाठी जी दोरी ताणतो तीही सूत. आणि सुताराच्या हिशेबात इंचाचा आठवा भाग, तोही सूतच. शिवाय दोन माणसांचे एकमेकांशी पटले म्हणजे त्यांचे सूत जुळले असे आपण म्हणतो. हे सारे अर्थ मी व्याकरणाच्या तासाला शिकलो नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरापुढील शहाबादी फरशीवर, एका तीनचाकी मोटारसायकलीशेजारी गुडघे टेकून बसलो असताना ते मला उमगले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे. तीत माझ्या एका चुकीची कबुलीही आहे, आणि ती टाळून ही हकीकत सांगता येत नाही.

आमचे गाव हळ्ळीखेड (बी). कंसातील 'बी' म्हणजे बुजुर्ग, अर्थात थोरले. धाकट्याला 'के', म्हणजे खुर्द म्हणतात. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गॅरेजातील मिस्त्रीपाशी दखनी अशा तिन्ही भाषा एका दिवसात कानांवरून जातात. तीन चाकांवर चालणाऱ्या गावात तीन चाकांची गाडी असावी, यात नवल ते काय!

ही गाडी म्हणजे आजोबांनी जुनी म्हणून विकत घेतलेली बुलेट मोटारसायकल. १९५५ पासून मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, या गाड्या तयार होऊ लागल्या. आमच्या गाडीच्या डाव्या अंगास साइडकार जोडलेली आहे. घरात तिला आम्ही 'डबा' म्हणतो. गावातील पोरे मात्र गाडी दिसली की "शोलेची गाडी आली" म्हणून मागे धावतात. तो चित्रपट १९७५ चा, आणि त्याचे चित्रण आपल्याच कर्नाटकात रामनगरजवळ झाले, हे त्यांना ठाऊक नसते. पण साइडकार मात्र प्रत्येकाला ठाऊक असते.

डबा हौसेचा नव्हे. माझी थोरली बहीण लहानपणापासून पायांनी अधू आहे. घरात ती कुबड्यांच्या आधाराने हिंडते; परंतु बसची उंच पायरी तिला चढवत नाही. बुद्धी मात्र अशी की, गणिताचे जे उदाहरण मी पाटीभर रेघोट्या ओढून सोडवावे, ते ती खिडकीबाहेर पाहत तोंडी सांगते. दहावी-बारावी उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन ती हुमनाबादच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत जाऊ लागली. आप्पांची नोकरी हुमनाबादलाच, एका बी-बियाण्यांच्या दुकानात. सकाळी ताईला डब्यात बसवून ते निघत, आणि सायंकाळी दोघे बरोबर परत येत. ताईचे शिक्षण त्या तिसऱ्या चाकावर चालले होते, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही.

दिवाळी सरली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. हँडलवरील हात जरा सैल पडला की गाडी रस्त्याची कड धरी. ऊसाचा हंगाम सुरू झाला होता. समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागून मालमोटारी, आणि कडेला खोल चर. आप्पांचे उजवे मनगट व खांदा रात्री इतके दुखत की, आई तेल कोमट करून चोळीत बसे. एके दिवशी समोरच्या ट्रॉलीला वाट देताना गाडी चरात उतरता उतरता राहिली. ताईने ही गोष्ट घरी सांगितली नाही. आप्पांनीच सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

त्यांनी दोन गॅरेजे पाहिली. पहिल्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि "डब्याच्या गाडीची हीच चाल असते" म्हणून हात झाडले. दुसऱ्याने दिवसभर खटपट करून डब्याचे चाक मोटारसायकलीला अगदी समांतर करून दिले. ओढ किंचित कमी झाली, पण गेली नाही. शेवटी एका रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "गाडी काढून टाकू या. एक गिऱ्हाईक येत्या गुरुवारी येतो म्हणाला आहे."

पानावर कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "हरकत नाही, आप्पा. मी घरी बसून अभ्यास करीन." तिने हे इतक्या सहजपणे म्हटले की, तिने ते वाक्य आधीच तयार करून ठेवले असावे हे मला कळून चुकले. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या दुखण्यात माझाही हात असावा असा एक संशय मी कित्येक दिवस मनात दडपून ठेवला होता.

गोष्ट अशी. दिवाळीच्या सुट्टीत गाडीची चेन सैल झाली होती. आप्पा घरी नव्हते. आपणही काही कामाचे आहोत हे दाखवावे म्हणून मी पाना घेतला आणि चेन ताणली. बुलेटच्या मागच्या चाकाच्या आसापाशी दोन्ही बाजूंना शंखाच्या आकाराच्या दातेरी चकत्या असतात. त्या फिरवल्या की चाक मागे सरकते व चेन ताणली जाते. दोन्हीकडे खाचा सारख्याच सरकवावयाच्या, एवढेच त्यातले मर्म. मी एका बाजूस तिसऱ्या खाचेवर थांबलो, आणि दुसऱ्या बाजूस, पाना अडखळला म्हणून, चौथीवर. 'एका खाचेने काय होते!' असे म्हणून मी हात धुतले. पुढे गाडी ओढू लागली तेव्हा बोलण्याचे धैर्य झाले नाही. आणि दिवस गेले तसे ते अधिकच अवघड होत गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी विज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनी मला रागे न भरता फळ्यावर एक आकृती काढली. चाकांना दिशा देणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही, असे ते म्हणाले. वळण घेताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे लागते. घोडागाडीसाठी ही युक्ती म्यूनिकच्या लांकेनश्पेर्गर याने शोधून काढली, आणि तिचे पेटंट लंडनमध्ये १८१८ साली अकरमन याने घेतले. म्हणून जग आज तिला अकरमनच्या नावाने ओळखते. कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या आपल्या पहिल्या मोटारीस तीनच चाके ठेवली. कारण पुढील दोन चाके नीट वळवण्याचा प्रश्न त्याला तोवर समाधानकारक रीतीने सुटला नव्हता. तो सुटून त्याचे पेटंट मिळण्यास १८९३ साल उजाडले. पुढे दोन व मागे एक चाक असलेल्या मोटारसायकलीही आता निघाल्या आहेत. कॅनडातील एका कंपनीने २००७ साली आणलेली कॅन-ॲम स्पायडर ही त्यांतली एक. तिची पुढची दोन चाके जरा फटकली की तिचे काही मालक आपल्याच घरी दोरी ताणून ती सरळ करतात. "मग तुम्हांला का जमू नये?" सर म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. मोजण्याआधी ज्या रेषेवरून मोजायचे, ती रेषा तपास."

हे शेवटचे वाक्य माझ्या काळजात जाऊन बसले. घरी येताच मी आप्पांना चेनची हकीकत सांगितली. मला वाटले होते, ते रागावतील. ते बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आधी बोलला असतास तर दोन गॅरेजांचे पैसे वाचले असते." आणि मग, "रविवारी बघू. पाने काढून ठेव."

रविवारी सकाळी आम्ही गाडी अंगणात घेतली. शहाबादचा हा दगड कलबुर्गी जिल्ह्यातला. आमच्या भागात घरोघरी त्याची फरशी असते, पण तिची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. चाकांचे माप घेण्यास सपाट जमीन हवी. आम्ही फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. जेथे ते कोणत्याही एका बाजूस धावले नाही, तेथे गाडी उभी केली. तिन्ही टायरांतील हवा तपासली. पुढचे चाक उचलून हँडलाच्या सांध्यात व चाकाच्या बेअरिंगात खडखड नाही, याची खात्री केली; कारण सांधाच ढिला असेल तर कोणतेही माप टिकत नाही.

शेजारच्या सुतारकाकांनी आठ फूट लांबीच्या दोन सागवानी पट्ट्या दिल्या. पट्टी सरळ आहे हे कशावरून? त्यांनी फरशीवर पट्टी ठेवून खडूने रेघ मारली, मग पट्टी उलटून त्याच रेघेला लावली. रेघ आणि कड यांच्यामध्ये कोठेही फट दिसली नाही. पट्टी वाकडी असती तर उलटताच दुप्पट वाकडी दिसली असती. इतकी साधी आणि इतकी निःपक्षपाती परीक्षा मी दुसरी पाहिली नाही.

पहिली पट्टी विटांवर ठेवून आम्ही मोटारसायकलीच्या उजव्या अंगाने दोन्ही चाकांना लावली. दोन्ही टायर एकाच मापाचे असल्याने पट्टीने चार ठिकाणी टेकावयास हवे होते, मागच्या टायरला दोनदा आणि पुढच्या टायरला दोनदा. पट्टी मागच्या चाकाला नीट चिकटली. पण हँडल अगदी सरळ धरले तरी पुढच्या चाकापाशी जवळजवळ चार सूत फट राहिली. मागे एक खाच, पुढे चार सूत! मी मान खाली घातली. आप्पांनी मागच्या आसाचे नट सैल केले, चकती एक खाच मागे घेतली, चेनचा ताण पाहिला आणि पट्टी पुन्हा लावली. या वेळी ती चारही ठिकाणी टेकली.

आता दुसऱ्या गॅरेजातील मिस्त्रीचे काम आम्हांला निराळ्या प्रकाशात दिसले. त्याने तिसरे चाक समांतर केले होते यात शंका नाही. परंतु ज्या रेषेला त्याने आधार मानले, तीच माझ्यामुळे तिरकी होती. दुसरी पट्टी डब्याच्या चाकाला बाहेरून लावून आम्ही दोन पट्ट्यांमधील अंतर पुढच्या टायराच्या पुढे आणि मागच्या टायराच्या मागे मोजले. ही दोन ठिकाणे परस्परांपासून सात फूट दूर. पुढचे अंतर मागच्याहून तीन सूत जास्त भरले. याचा अर्थ, डब्याचे चाक बाहेर, म्हणजे डावीकडे तोंड करून चालले होते, आणि गाडीला आपल्याबरोबर चराकडे नेत होते.

"मग समांतर करून टाकू," मी म्हणालो.

ताई ओसरीवर वही घेऊन बसली होती. ती म्हणाली, "समांतर पुरायचे नाही. डब्याच्या चाकाला इंजिनाचा जोर नाही. ते नुसते ओढले जाते, म्हणून ते डाव्या बाजूला मागे खेचत राहणार. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून रस्ताही मधून कडेकडे उतरता असतो. या दोन्ही ओढींना उत्तर द्यायचे, तर त्या चाकाचे तोंड जरासे आत हवे."

सुतारकाकांनी हसून मान डोलावली. बैलगाडीच्या चाकांबद्दल असाच काही हिशेब त्यांना ठाऊक होता. साइडकारच्या जोडण्या चार असतात. खालच्या दोन चाकाची दिशा ठरवतात आणि वरच्या दोन मोटारसायकलीचा उभेपणा. आम्ही खालची पुढची जोडणी सैल केली आणि तसूतसूने सरकवत पुढचे अंतर मागच्याहून आठ सूत, म्हणजे एक इंच, कमी केले. आप्पा कारखान्याच्या रस्त्यावर एक फेरी मारून आले. "आता उजवीकडे जाते," ते म्हणाले, "आणि टायर कुरकुरते." ताईने वहीत भागाकार केला. सात फुटांत एक इंच म्हणजे ८४ त १. अशाने टायर दर किलोमीटरला जवळजवळ १२ मीटर आडवे घासत जाणार. रबर किती दिवस टिकेल? आम्ही माप पाच सुतांवर आणले. सात फुटांत पाच सूत म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. डोळ्यांना ते दिसत नाही. मनगटाला मात्र कळते.

आता उरला उभेपणा. डब्याच्या बाजूची ओढ तोलण्यासाठी मोटारसायकल उलट बाजूस, म्हणजे उजवीकडे, सुमारे एक अंश कललेली असावी लागते. एक अंश मोजायचा कसा? गवंड्याचा ओळंबा आमच्याकडे होता, कोनमापक इतका मोठा नव्हता. ताईने त्रिकोणमितीचे कोष्टक उघडले. एक अंशाची स्पर्शज्या ०.०१७५, हँडलची उंची ३६ इंच, गुणाकार ०.६३ इंच, म्हणजे पाच सूत. शाळेत ही कोष्टके आपण परीक्षेपुरती उघडतो. त्या सकाळी ती आमच्या अंगणात पान्याशेजारी पडली होती. ओळंबा सोडून पाहिला, तर गाडी बरोबर पाच सूत उजवीकडे! आप्पांनी वरच्या जोडण्या पक्क्या करण्यास पाना उचलला.

"थांबा," ताई म्हणाली. "डबा रिकामा आहे."

आम्ही सगळे तिच्याकडे पाहू लागलो. ती कुबड्या घेऊन आली, आईने तिला डब्यात बसवले, आणि आप्पा नेहमीसारखे गाडीवर बसले. डबा दबला, त्याबरोबर मोटारसायकल डावीकडे झुकली. ओळंब्याची दोरी पाच सूत एका बाजूस होती, ती मध्यरेषा ओलांडून दोन सूत दुसऱ्या बाजूस गेली! दोन्ही गॅरेजांत गाडी रिकामी गेली होती. ताई तेव्हा घरी होती, कारण गाडी नसली की तिला घरीच राहावे लागे. जिच्यासाठी गाडी होती, तिला वगळून तिचे माप घेतले गेले होते. आणि खरे बोलावयाचे तर त्या दिवशी सकाळपासून आम्हीही तेच करीत होतो.

मग सारे पुन्हा मोजले. दोघे बसलेले असताना दोरी पाच सूत उजवीकडे दाखवीपर्यंत वरच्या जोडण्या फिरवल्या. त्याने खालचे माप किंचित हलले, ते पुन्हा पाच सुतांवर आणले. एक सुधारले की दुसरे जरा बिघडते, म्हणून दोन्ही आलटून पालटून तीन वेळा तपासले. सगळे नट आवळून त्यांवर रंगाची एकेक रेघ ओढली. नट ढळला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. हे सगळे होईतो दुपारचे दोन वाजले. आईने भाकरी-पिठले अंगणातच आणून दिले. ताई डब्यातून न उतरताच जेवली.

सायंकाळी उन्हे कलल्यावर आप्पा ताईला घेऊन निघाले. मी सायकलवरून मागे होतो. ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने गाडी सरळ रस्त्यावर चालली होती. एका ठिकाणी आप्पांनी हँडलवरील पकड सैल करून हात नुसते टेकवून ठेवले. गाडी आपली रेघ सोडीना. वेग वाढवताना ती किंचित डावीकडे आणि ब्रेक दाबताना किंचित उजवीकडे जाई. परंतु तो तीन चाकांच्या गाडीचा स्वभावच आहे, दोष नव्हे. परत आल्यावर आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी उजवे मनगट दोनदा फिरवून पाहिले आणि आईला म्हणाले, "आज तेल नको."

गुरुवारी गिऱ्हाईक आले. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि गाडी द्यावयाची नाही असे सांगितले.

त्यानंतर मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. आपण म्हणतो की सरळ म्हणजे समांतर, आणि समान म्हणजे सगळ्यांना सारखे. परंतु ज्या चाकाला स्वतःचा जोर नाही, ज्याच्या वाट्याला रस्त्याचा उतार येतो, त्याला बाकीच्यांसारखेच लावून मोकळे झाले की गाडी चराकडेच जाणार. त्याला पाच सूत वेगळे लावावे लागते, आणि तेव्हाच तिन्ही चाके एका वाटेने जातात. ते पाच सूत किती, हे मात्र अंदाजाने किंवा दयेने ठरत नाही. ज्याने त्या चाकावर बसावयाचे, त्याला बसवून, आणि त्याचेच ऐकून ते मोजावे लागते. आमच्या अंगणात त्या दिवशी सर्वांत अचूक बोलली ती ताईच, आणि आम्ही तिला सर्वांत शेवटी विचारले.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती. एका खाचेची चूक झाकून ठेवली, तर ती पुढे चार सूत होते, आणि आणखी पुढे कोणाच्या तरी शिक्षणाइतकी मोठी होते. चूक केल्याची लाज मला आता वाटत नाही. ती दडवल्याची वाटते.

ताई आता नेमाने महाविद्यालयात जाते. सुतारकाकांनी त्या दोन्ही पट्ट्या परत घेतल्या नाहीत. त्या आमच्या ओसरीवर खुंटीला आडव्या टांगलेल्या आहेत. दर अमावास्येला आमच्याकडे बैलांना विसावा असतो, तेव्हा आम्ही रंगाच्या रेघा पाहतो, ताईला डब्यात बसवतो आणि ओळंबा सोडतो. माझ्या शाळूसोबत्यांपैकी कोणाच्या घरची गाडी एका अंगास ओढत असेल, तर त्याने अवश्य यावे. पट्ट्या आहेत, फरशी सपाट आहे, आणि हिशेब करावयास ताई आहे. येताना मात्र त्या गाडीत रोज बसणाऱ्यांना बरोबर आणावे.